टॉवरला दोष देण्याआधी

वरुड तालुक्यातलं शेंदूरजनाघाट संत्र्याच्या कलमांसाठी ओळखलं जातं. सातपुड्याच्या पायथ्याशी, मध्य प्रदेशच्या सीमेजवळच्या या गावात जंबेरीच्या खुंटावर संत्र्याचा डोळा बांधून कलम तयार करायचं काम घराघरांत मुरलेलं आहे. पावसाळा लागला की गिऱ्हाईक पन्हेरीवर येतं. हल्ली त्याआधी ते मोबाइलवर चौकशी करतं. तेव्हा इथल्या एखाद्या रोपवाटिकेचं पान कल्पून बघू. वर कलमांचा मोठा फोटो, खाली वाण, दर, परवाना क्रमांक आणि फोन लावायचं बटण. धुऱ्यावर उभ्या असलेल्या माणसानं ते उघडलं आणि पडदा पांढराच राहिला, तर तो एकच म्हणणार: नेट नाही.

नेट बऱ्याचदा असतं. याहू कंपनीत असताना स्टीव्ह साउडर्स यांनी नावाजलेल्या संकेतस्थळांची पानं उलगडून तपासली आणि २००७ साली ‘हाय परफॉर्मन्स वेब साइट्स’ या पुस्तकात मांडलं, की वाट पाहण्यातला ८० ते ९० टक्के वेळ सर्व्हरवर मूळ मजकूर तयार होण्यात जातच नाही. तो मजकूर फोनवर पोचल्यानंतर, त्यानं मागवलेले फोटो, फॉन्ट आणि स्क्रिप्ट यांच्या लटांबरात जातो. म्हणजे दोष टॉवरचा कमी आणि पान बांधणाऱ्याचा जास्त. ही चांगली बातमी आहे, कारण टॉवर आपल्याला हलवता येत नाही.

आपल्या पानावरचा फोटोच घ्या. साध्या फोनचा कॅमेराही ४००० गुणिले ३००० ठिपक्यांचा फोटो काढतो, फाइल होते ४ एमबीच्या आसपास. लाइटहाउस हे क्रोममधलं तपासणीचं साधन मोबाइलची चाचणी घेताना सेकंदाला १.६ मेगाबिटची मंद जोडणी गृहीत धरतं. त्या वेगानं ४ एमबी उतरायला २० सेकंद लागतात. आणि एवढं करून दिसतं काय? फोनच्या पडद्याची रुंदी १०८० ठिपके. त्यावर हा फोटो मावतो १०८० गुणिले ८१० मध्ये, म्हणजे आणलेल्या ठिपक्यांपैकी जेमतेम चौदावा हिस्सा कामी येतो. बाकीचे फोनला उलगडावे लागतातच: प्रत्येक ठिपक्याला ४ बाइट धरले तर एका फोटोपायी ४८ एमबी मेमरी अडते. तोच फोटो आधीच लहान करून वेबपी प्रकारात ठेवला आणि १५० केबीत बसवला, तर पाऊण सेकंदात उतरतो. कलमाची पालवी तेवढीच हिरवी दिसते.

आता ‘पान उघडलं’ हे ठरवायचं कधी? पूर्वी सगळ्या फाइली उतरल्या की ब्राउझर जी खूण देतो तीच धरत. वाचकाला तिचं काही देणंघेणं नसतं. २०२० च्या मे महिन्यात गूगलनं वाचकाच्या बाजूनं तीन मापं पुढे केली. पहिलं एलसीपी: पडद्यावरचा सर्वांत मोठा फोटो किंवा मजकुराचा तुकडा केव्हा दिसला; अडीच सेकंदांच्या आत दिसला तर ठीक. इथे एक गंमत होते. खालचे फोटो गरज पडेल तेव्हाच आणावेत, ही सूचना चांगली आहे, पण पुष्कळ जण ती सरसकट सगळ्या फोटोंना लावतात. मग ज्याची वाट बघितली जातेय तो वरचा फोटोच मागे राहतो.

दुसरं माप सीएलएस, पानाच्या हिसक्याचं. फोनच्या बटणावर बोट टेकणार इतक्यात वर जाहिरात उगवते, बटण खाली सरकतं आणि भलतंच काही उघडतं. हा अनुभव नाही असा माणूस मिळणं कठीण. त्याचं गणित असं: पडद्याच्या खालच्या ६० टक्के भागातला मजकूर पडद्याच्या उंचीच्या २० टक्के खाली सरकला, तर ०.६ गुणिले ०.२ म्हणजे ०.१२. मर्यादा आहे ०.१. एका हिसक्यात पान नापास! फोटोची रुंदी-उंची आधीच लिहून ठेवली तर ब्राउझर तेवढी जागा राखून ठेवतो. दोन आकडे लिहायचं हे काम इतकी पानं का टाळतात, हे मला न उलगडलेलं कोडं आहे. तिसरं माप आयएनपी, बोट लावल्यावर पान किती लवकर हलतं याचं. ते मार्च २०२४ मध्ये जुन्या मापाच्या जागी आलं आणि त्याची मर्यादा २०० मिलिसेकंदांची. इथे दुखणं बहुधा जावास्क्रिप्टचं असतं. तेवढ्याच वजनाच्या फोटोपेक्षा ती महाग, कारण उतरल्यावर ती वाचून, समजून चालवावीही लागते आणि स्वस्त फोनचा प्रोसेसर तिथे धापा टाकतो.

मराठी पानाचा एक खास खर्च आहे: फॉन्ट. देवनागरीत अर्धी अक्षरं, जोडाक्षरं, रफार, मात्रा यांचे मिळून शेकडो आकार फाइलीत भरावे लागतात. जाड आणि बारीक वळणं वेगळी घेतली की फाइली आणखी वाढतात. त्यातली एकही उतरलेली नसेल तर कित्येक ब्राउझर तीन सेकंदांपर्यंत मजकूर लपवून ठेवतात. दर फोनवर पोचलेले असतात, फक्त दिसत नाहीत! वास्तविक अँड्रॉइड फोनमध्ये देवनागरीचा फॉन्ट असतोच. मथळ्याला हवं तर डौलदार वळण द्यावं, मजकूर फोनच्याच फॉन्टमध्ये ठेवावा, असं माझं स्पष्ट मत आहे. निदान ‘फॉन्ट येईपर्यंत जवळचा वापर’ ही एका ओळीची सूचना तरी लिहावी. मजकुराचं वजन म्हणाल तर नगण्य. देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला ३ बाइट लागत असूनही हा अख्खा लेख १५ केबीच्या आसपास भरेल. दाबून पाठवला तर त्याहून पुष्कळ कमी. नव्या जोडणीवर सर्व्हर पहिल्या दमात साधारण १४ केबी पाठवू शकतो, म्हणजे लेख एका खेपेत घरी.

अंतराचा हिशेब थोडक्यात. काचेच्या तंतूतून प्रकाश सेकंदाला सुमारे २ लाख किलोमीटर जातो. मुंबईतला सर्व्हर शेंदूरजनाघाटहून सरळ रेषेत सव्वासहाशे किलोमीटर, जाऊन-येऊन ६ मिलिसेकंद. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरचा १३ हजार किलोमीटर, म्हणजे १३० मिलिसेकंद; आणि मजकूर यायला सुरुवात होईपर्यंत अशा दोन-तीन फेऱ्या होतात. म्हणून पानाची प्रत जवळच्या शहरात ठेवणाऱ्या सेवा वापरतात.

खरी अडचण मोजमापाची आहे. पुण्याच्या कार्यालयात, नव्या लॅपटॉपवर, वायफायवर पान झटकन उघडतं आणि बनवणारा खूश होतो. गूगल मात्र क्रोम वापरणाऱ्यांच्या फोनवरची खरी मापं २८ दिवसांची एकत्र करतं आणि सरासरी न काढता, शंभर भेटी चढत्या वेळेनं लावल्या तर ७५ व्या भेटीला किती वेळ लागला ते पाहतं. सरासरीत धुऱ्यावरचा माणूस लपतो, इथे त्याला लपणं अवघड जातं. पण ही आकडेवारी पुरेशा भेटी झालेल्या पानांचीच मिळते. गावातल्या रोपवाटिकेच्या पानाला तेवढी वर्दळ नसते, त्यामुळे पेजस्पीड इनसाइट्स या वेग तपासणाऱ्या संकेतस्थळावर त्याचा पत्ता टाकला की खऱ्या वाचकांचा रकाना रिकामा दिसतो आणि उरते ती लाइटहाउसची नक्कल. ज्या पानांना मोजमापाची जास्त गरज, तीच मोजणीतून सुटतात.

यावर उपाय आहे. वेब-व्हायटल्स ही गूगलचीच छोटी, मोफत स्क्रिप्ट पानात घातली तर भेटींची ही मापं आपल्याच सर्व्हरकडे पाठवता येतात. तेही जमत नसेल तर घरातला सगळ्यात जुना फोन घ्यावा, वायफाय बंद करून बागेत जावं आणि खासगी खिडकीत पान उघडावं. नेहमीच्या खिडकीत आधी साठवलेल्या फाइली वापरल्या जातात आणि पान उगाच चपळ वाटतं. एकदा दुरुस्त केलेलं पान पुन्हा जड होतंच. पुढच्या हंगामात कुणीतरी नव्या कलमांचा ४ एमबीचा फोटो थेट चढवणार. तो चढवताना आपोआप लहान होईल अशी सोय पान बांधतानाच केलेली असेल, तर त्या माणसाला यातलं काहीही माहीत असण्याची गरज राहत नाही.