७ नोव्हेंबर आणि संपाचा हक्क

राज्य बदलले की सामान्य माणसाला वाटते, आता आपले दिवस आले. परंतु नव्या राज्याची खरी पारख कारखान्याच्या फाटकावर होते. काम करणाऱ्याने संघटना बांधली, मागणी मांडली आणि ती मान्य झाली नाही म्हणून काम थांबवले, तर राज्यकर्ते त्याला नागरिक समजतात की गुन्हेगार, एवढे पाहिले तरी पुरे. केंद्र सरकारने २१ नोव्हेंबर २०२५ पासून चार श्रमसंहिता लागू केल्या. त्यातील औद्योगिक संबंध संहिता वाचताना आमच्यापुढे सारखे १९३८ साल उभे राहते.

१९३५ च्या कायद्याने प्रांतांना स्वायत्तता दिली. १९३७ साली निवडणुका झाल्या आणि मुंबई इलाख्यात बाळासाहेब खेरांचे काँग्रेस मंत्रिमंडळ आले. गोऱ्या साहेबाचा कारभार जाऊन आपल्या माणसांचा कारभार येत होता. अशा वेळी या लोकप्रिय म्हणविणाऱ्या सरकारने विधिमंडळात आणले काय? तर औद्योगिक कलह विधेयक! संपापूर्वी नोटीस आणि सक्तीच्या तडजोडीच्या पायऱ्या चढायच्या, त्या न चढता संप केला तर तो बेकायदेशीर आणि शिक्षेस पात्र.

स्वतंत्र मजूर पक्षाचे नेते म्हणून डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी सप्टेंबर १९३८ मध्ये या विधेयकाची चिरफाड केली. त्यांचा मुद्दा निव्वळ कायद्याचा होता, आणि वकील म्हणून आम्हाला तो आजही थक्क करतो. संप म्हणजे काय? नोकरीच्या कराराचा भंग. करारभंग ही दिवाणी बाब आहे, मालकाने हवी तर नुकसानभरपाई मागावी. पण त्याला फौजदारी गुन्हा ठरवून तुरुंग दाखवणे म्हणजे माणसाला त्याच्या इच्छेविरुद्ध कामाला जुंपणे. त्याला गुलामगिरीखेरीज दुसरे नाव नाही. संपाचा हक्क हा स्वातंत्र्याच्या हक्काहून वेगळा नाही, अशी त्यांची मांडणी होती. गावकीच्या कामाला नाही म्हणण्याची सोय ज्यांच्या बापजाद्यांना नव्हती, त्यांना या मांडणीचा अर्थ वेगळा समजावून सांगायला नको.

विधेयक बहुमताने मंजूर झालेच. तेव्हा ७ नोव्हेंबर १९३८ रोजी एक दिवसाचा सार्वत्रिक संप पुकारला गेला. स्वतंत्र मजूर पक्ष आणि कम्युनिस्ट या संपात एकत्र आले. कॉम्रेड डांगे आणि बाबासाहेब एका व्यासपीठावर! ज्या बाबासाहेबांनी १९२९ च्या गिरणी संपाला विरोध केला होता, तेच आता संपाच्या अग्रभागी होते. आमचे काही डावे मित्र याला विसंगती म्हणतात. आम्हाला ती दिसत नाही. संप करायचा की नाही, हे त्या वेळच्या परिस्थितीवर ठरते. संपाचा हक्क असावा की नाही, हा प्रश्नच निराळा. त्या दिवशी मुंबईत गिरण्या ओस पडल्या, पोलिसांनी गोळीबारही केला. सरकार आपल्याच माणसांचे होते, हे विसरू नये.

या एकजुटीची दुसरी बाजूही सांगितलीच पाहिजे. गिरण्यांत विणकाम खात्याचा पगार चांगला होता, आणि तेथे अस्पृश्य कामगाराला प्रवेश नव्हता. कारण धोट्यातले सूत तोंडाने ओढावे लागे आणि स्पृश्य कामगाराला त्याचा विटाळ होई. हा विटाळ मालकापेक्षा जोडीदार कामगाराला अधिक वाटत होता, आणि युनियनचे पुढारी त्यावर गप्प होते. फेब्रुवारी १९३८ मध्ये मनमाडला दलित रेल्वे कामगारांच्या परिषदेत बाबासाहेबांनी ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही असे कामगारांचे दोन शत्रू सांगितले, ते या अनुभवातून. आजही युनियनच्या कार्यकारिणीत सफाई खात्याचा माणूस किती वेळा सरचिटणीस होतो, हे लाल आणि भगव्या दोन्ही झेंड्यांच्या मित्रांनी मोजून पाहावे.

पुढे बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खात्याचे मंत्री झाले. १९४६ साली कारखाना कायद्यात दुरुस्ती होऊन आठवड्याचे ५४ तास ४८ वर आले. (जयंतीच्या भाषणांत १४ तासांचे ८ केले असे ठोकून देतात. खरे काम पुरेसे मोठे आहे, त्याला फुगवण्याची गरज नाही.) मालकाने युनियनला मान्यता दिलीच पाहिजे, असे विधेयक त्यांनी १९४३ मध्ये मांडले. तशी दुरुस्ती १९४७ साली कायद्यात झालीसुद्धा. पण ती अंमलात आणणारी अधिसूचना कधी निघालीच नाही. स्वतंत्र भारतातल्या एकाही सरकारला ती काढावीशी वाटली नाही.

आता आजची संहिता पाहू. २०२० च्या सप्टेंबरात विरोधी बाके रिकामी असताना राज्यसभेने ती संमत केली. पूर्वी संपाच्या नोटिशीची सक्ती पाणी, वीज, रेल्वे अशा सार्वजनिक सेवांपुरती होती. आता प्रत्येक औद्योगिक आस्थापनेत १४ दिवसांची नोटीस. तडजोडीची बोलणी चालू असताना आणि नंतर ७ दिवस संप नाही. न्यायाधिकरणापुढे प्रकरण असताना आणि नंतर ६० दिवस नाही. नोटीस दिली की तडजोड सुरू करता येते, आणि तडजोड सुरू झाली की संप बेकायदा! निम्म्या कामगारांनी एकाच दिवशी ठरवून किरकोळ रजा टाकली तर तोही संपच. शिक्षा १ हजार ते १० हजार रुपये दंड, किंवा एक महिन्यापर्यंत कैद, किंवा दोन्ही. सत्त्याऐंशी वर्षांनी आपण त्याच विधेयकापाशी येऊन ठेपलो आहोत. केंद्रीय कामगार संघटनांनी २६ नोव्हेंबर २०२५ रोजी, म्हणजे संविधानदिनी, याविरुद्ध निदर्शने केली. त्या दिवशी संविधानाच्या मिरवणुका काढणारे आपले किती कार्यकर्ते त्यांच्या शेजारी उभे होते?

संविधानाच्या कलम १९ ने संघटना बांधण्याचा मूलभूत हक्क दिला. त्यात संपाचा हक्क येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने साठच्या दशकातच म्हटले. २००३ साली तामिळनाडूच्या प्रकरणात तर सरकारी नोकरांना संपाचा नैतिक हक्कही नाही, असे सांगितले. न्यायालयाचा आदर राखून आम्ही म्हणतो की, हात बांधून दिलेला हक्क शोभेचा असतो.

बौद्ध राष्ट्र म्हणून आपण ज्या ब्रह्मदेशाकडे आपुलकीने पाहतो, जेथे १९५४ साली बाबासाहेब जागतिक बौद्ध परिषदेला गेले, तेथे १९६२ नंतर लष्कराने स्वतंत्र युनियन उरू दिल्या नाहीत. २०११ च्या कायद्याने त्या पुन्हा कायदेशीर झाल्या. १ फेब्रुवारी २०२१ ला लष्कराने सत्ता बळकावली, तेव्हा यांगूनच्या रस्त्यावर आधी उतरणाऱ्यांत कपड्यांच्या कारखान्यांतल्या मुली होत्या. महिना संपायच्या आत लष्कराने १६ कामगार संघटना बेकायदा ठरवल्या. जून २०२५ मध्ये आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने ब्रह्मदेशाविरुद्ध तिच्या घटनेतले कलम ३३ वापरले. शंभर वर्षांत ही केवळ तिसरी वेळ. मात्र संघटना-स्वातंत्र्याचा ८७ वा करार आणि सामुदायिक वाटाघाटीचा ९८ वा करार भारतानेही अद्याप मान्य केलेला नाही, हे लक्षात ठेवून मग शेजाऱ्याकडे बोट दाखवावे.

कोल्हापुरात छत्रपती शाहू महाराजांनी १९०६ साली उभी केलेली मिल २००३ साली बंद पडली. हजेरीपत्रकावर नाव असलेला, युनियनची पावती खिशात असलेला कामगार तिच्याबरोबर कमी होत गेला. कामगारांची बाजू कोर्टात मांडणारे कॉम्रेड गोविंद पानसरे याच शहरात २०१५ साली गोळ्यांना बळी पडले. आता आमच्या मंगळवार पेठेतली मुले गोकुळ शिरगावला, शिरोलीला फाउंड्रीत जातात ती ठेकेदाराची माणसे म्हणून. गेल्या वर्षी अशाच एका कारखान्यातल्या मुलांनी भविष्यनिर्वाह निधीचा हिशेब मागितला. पुढे बोलणाऱ्या दोघांना दुसऱ्या दिवशी फाटकावरच सांगितले, ठेका बदलला. आरोपपत्र नाही, नोटीस नाही.

नव्या संहितेचा खरा फास येथे आहे. वाटाघाटीचा अधिकार ५१ टक्के पाठिंब्याच्या युनियनला, आणि हे टक्के मोजायचे आस्थापनेच्या हजेरीपत्रकावरून. ठेक्यावरच्या पोराचे नाव त्या पत्रकावर असतेच कुठे? महाराष्ट्राच्या १९७१ च्या कायद्यात मान्यतेसाठी ३० टक्के पुरत होते.

तरीही युनियनच्या नोंदणीचा अर्ज आजही सात जणांच्या सहीने करता येतो, फक्त एकूण सदस्य कामगारांच्या दहा टक्के किंवा शंभर, यांपैकी जे कमी असेल तेवढे हवेत. युनियन केली म्हणून कामावरून काढणे ही आजही अनुचित प्रथाच आहे. ती सिद्ध करायला कागद लागतो. म्हणून गेटपास, हजेरीची चिठ्ठी, बँकेत पगार जमा झाल्याचा उतारा, ठेकेदाराचा मोबाईलवर आलेला निरोप, यातले काही फेकू नका, पुसू नका. प्रती काढून ठेवा आणि सात जण मिळून या. पेठेतले आमचे दार रात्री नऊपर्यंत उघडे असते.