खेळांकरितां पहिला संगणक : भागांची निवड

वरच्या वर्गांतील पुष्कळ विद्यार्थ्यांच्या मनांत हल्लीं एक इच्छा घर करून असते. तयार संगणक न घेतां निरनिराळे भाग विकत आणावे, ते आपल्या हातानें जोडावे, व त्यावर मनासारखे खेळ खेळावे, अशी ती इच्छा. ती वाईट नाहीं. परंतु नांदेड-लातूरकडील बहुतेक घरांत हा पैसा सोयाबीनच्या पट्टींतून किंवा पगाराच्या शिलकींतून बाजूस काढावा लागतो. आणि एकदां खर्च झाला कीं पुढील चार-पांच वर्षें पुन्हां मिळण्याचा संभव नसतो. म्हणून कोणता भाग कां घ्यावा, कोठें हात आखडावा व कोठें मुळींच आखडूं नये, याचा विचार विद्यार्थी व पालक यांनीं मिळून करावा, एतदर्थ हा लेख.

शुभवर्तमानांत बुरूज बांधावयास निघालेल्या मनुष्याचा दाखला आहे. खर्चाचा हिशेब आधीं न मांडणाऱ्याचें हसें होतें, हें त्यावरून कळतें. संगणकाच्या बाबतींत मात्र पैसे पुरूनही फजिती होऊं शकते, व तिचें कारण विजोडपणा हें होय. बैलजोडींतील एक बैल धिप्पाड व दुसरा अशक्त असला, तर गाडी अशक्त बैलाच्याच चालीनें चालते. तसेंच येथें आहे. एक भाग भारी व दुसरा हलका घेतला, कीं भारी भागाचे पैसे वायां गेलेच. तेव्हां सर्वोत्तम भाग शोधण्यापेक्षां एकमेकांस शोभणारे भाग शोधणें, हेंच या विद्येचें मर्म आहे.

ही विद्या क्षुल्लक समजूं नये. पुण्यास १९८८ सालीं स्थापन झालेल्या सी-डॅक या संस्थेनें डॉ. विजय भटकर यांच्या नेतृत्वाखालीं १९९१ सालीं ‘परम ८०००’ हा महासंगणक सिद्ध केला. त्यांतील ट्रान्सप्यूटर नांवाचे प्रोसेसर परदेशीं बनलेले होते. ते एकमेकांशीं जोडून त्यांजकडून एकजुटीनें काम करून घेणें, हें कर्तृत्व मात्र आपल्या लोकांचें होतें.

निवडीचा आरंभ मॉनिटरापासून करावा. पडदा असंख्य ठिपक्यांचा बनलेला असतो. सामान्य प्रतीच्या मॉनिटरांत आडवे १९२० व उभे १०८०, म्हणजे एकंदर २०,७३,६०० ठिपके असतात. हालचाल सलग दिसावी म्हणून हें सबंध चित्र सेकंदास ६० वेळां नव्यानें काढावें, तर एका सेकंदांत बारा कोटींहून अधिक ठिपके रंगवावे लागतात. वरच्या प्रतीच्या, म्हणजे २५६० गुणिले १४४० ठिपक्यांच्या पडद्यावर हेंच काम सुमारें पावणेदोनपट होतें. पहिल्या संगणकास सामान्य प्रत पुरे. मग खेळांची यादी करावी. ‘व्हॅलोरंट’ साध्या यंत्रावरही चालतो. ‘सायबरपंक २०७७’ यंत्राचा घाम काढतो. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्स या मंडळीनें २०२० सालीं काढलेला ‘राजी’ या दोहोंच्या मध्यें येतो. खेळाचे कर्ते किमान सामग्री व शिफारशीची सामग्री अशा दोन याद्या देतात. आपल्या यादींतील सर्वांत जड खेळाची शिफारशीची सामग्री वहींत उतरून घ्यावी. तीच आपली मोजपट्टी.

ठिपके रंगविण्याचें काम ग्राफिक्स कार्ड करतें. प्रोसेसरांत थोडे पण हुशार कारागीर असतात. कार्डांत शेंकडों-हजारों साधे कारागीर एकाच वेळीं एकाच प्रकारचा हिशेब करीत असतात. २०२१ सालीं निघालेल्या रेडिऑन आरएक्स ६६०० या कार्डांत असे १७९२ कारागीर आहेत, व चित्रें ठेवण्यास त्याची स्वतःची ८ जीबी स्मृति आहे. आज याहून कमी स्मृतीचें नवें कार्ड खेळांकरितां शक्यतों घेऊं नये. नांवावर भुलूं नये हेंही सांगणें अवश्य आहे. आरटीएक्स ३०५० हें एकच नांव ८ जीबीच्या व ६ जीबीच्या कार्डांस आहे, आणि ६ जीबीचें कार्ड केवळ स्मृतीनेंच नव्हे तर वेगानेंही उणें आहे.

खेळाचे नियम, पात्रांच्या हालचाली व टकरींचे हिशेब प्रोसेसर पाहतो. मध्यम कार्डाच्या जोडीला सहा कोअरचा प्रोसेसर, उदाहरणार्थ रायझेन ५ ५६०० किंवा कोअर आय५-१२४००एफ, हा शोभतो. शेवटच्या ‘एफ’ या अक्षराकडे लक्ष द्यावें. अशा प्रोसेसरांत चित्र काढण्याची सोय मुळींच नसते, व स्वतंत्र कार्ड नसल्यास पडदा काळाच राहतो. प्रोसेसर ज्या खाचेंत बसतो ती मदरबोर्डावर त्याच्याच जातीची असली पाहिजे. एएम४ खाचेच्या बोर्डावर डीडीआर४ जातीची रॅम लागते, एएम५ वर डीडीआर५. एकीची रॅम दुसरीच्या खाचेंत बसतच नाहीं. लातूरच्या गंजगोलाईस सोळा रस्ते येऊन मिळतात, तसे कार्डाच्या लांब खाचेसही सोळा मार्ग असतात. त्यांवरून प्रोसेसर व कार्ड यांची देवघेव चालते. मदरबोर्ड हा असा चौक आहे. तो प्रशस्त व भक्कम असावा. त्यावरील रंगीत दिव्यांस पैसे मोजण्याचें कारण नाहीं.

रॅम १६ जीबी घ्यावी, व शक्य तर ८ जीबीच्या दोन पट्ट्या घ्याव्या. दोन पट्ट्यांमुळें माहितीचा रस्ता दुप्पट रुंद होतो. सांठवणीकरितां एसएसडीच असावी. जुन्या पद्धतीच्या फिरत्या हार्ड डिस्कवर मोठा खेळ उघडेपर्यंत मनुष्य कंटाळतो.

आतां ज्या भागाकडे कोणी पाहत नाहीं, त्याकडे येऊं. तो म्हणजे एसएमपीएस. घरांतील २३० व्होल्टची वीज संगणकास मानवेल अशी करून देणें हें त्याचें काम. वर सांगितलेला रायझेन प्रोसेसर ७६ वॅटपर्यंत, कार्ड १३२ वॅट व इतर भाग पन्नास-साठ वॅट घेतात. बेरीज सुमारें २७० वॅट होते. म्हणून नांवाजलेल्या कंपनीचा, ‘८० प्लस’ हें चिन्ह असलेला ४५० ते ५५० वॅटचा एसएमपीएस घ्यावा. हें चिन्ह असलें म्हणजे घेतलेल्या विजेपैकीं निदान ८० टक्के वीज कामास येते. उरलेलीची उष्णता होते. कॅबिनेटाबरोबर फुकट येणारा निनांवी एसएमपीएस बिघडला, तर आपल्याबरोबर बोर्ड व कार्ड यांचाही घात करूं शकतो.

आपल्या प्रांतांत वैशाखांतील ऊन चाळीस अंशांपलीकडे जातें. खोलींत चाळीस अंश असतील, तर पंख्यानें आंत ओढलेली हवाही चाळीस अंशांचीच असणार. यास्तव पुढें कांच लावलेलें दिखाऊ कॅबिनेट सोडून पुढें जाळी असलेलें घ्यावें, दोन पंखे बसवावे, व धुळीची गाळणी महिन्यास झाडावी. वीज वारंवार जात असेल तर यूपीएस लागेलच. त्यावरील व्हीए आणि वॅट हे आंकडे एक नव्हेत. ६०० व्हीएचा यूपीएस बहुधा ३६० वॅटपर्यंतच भार सोसतो. वरील यंत्र व मॉनिटर मिळून त्याची शक्ति जवळजवळ संपते, म्हणून १००० व्हीएचा घेणें बरें.

खर्चाची वांटणी कशी करावी ? मॉनिटर, यूपीएस व कळफलक वगळून साठ हजार रुपये ठरविले असे समजूं. आमच्या मतें त्यांपैकीं कार्डावर सुमारें २१,६००, प्रोसेसर व बोर्ड मिळून १६,८००, रॅम व एसएसडी मिळून १३,२००, आणि एसएमपीएस व कॅबिनेट मिळून ८,४०० रुपये, असें प्रमाण साधारणपणें ठेवावें. भाव मात्र त्याच आठवड्याचे घ्यावे. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या प्रचंड संगणकगृहांची मागणी वाढल्यामुळें २०२५ च्या उत्तरार्धांत रॅमचे भाव जगभर भडकले, व त्यापूर्वींच्या याद्या निरुपयोगी झाल्या.

इतकी रक्कम नसली तरी निराश होण्याचें कारण नाहीं. रायझेन ५ ५६००जी यासारख्या प्रोसेसरांत चित्र काढण्याची सोय अंगचीच असते. तो दोन पट्ट्यांच्या रॅमसह घ्यावा, एसएमपीएस मात्र पुढचा विचार करून चांगला घ्यावा, व कार्ड एक-दोन वर्षांनीं बसवावें. हलके खेळ व सर्व अभ्यास तोंपर्यंत उत्तम चालतो. कर्ज काढून भारी कार्ड आणण्यापेक्षां हा मार्ग आम्हांस अधिक शहाणपणाचा वाटतो.

खरेदीस सिकंदराबादच्या पार्क लेनमधील चिनॉय ट्रेड सेंटर नांदेडकरांस रेल्वेनें सोयीचें आहे. मुंबईस लॅमिंग्टन रोड प्रसिद्ध आहे. घरबसल्याही मागवितां येतें. तथापि गांवच्या दुकानदाराचा भाव थोडा अधिक असला तरी वस्तु बिघडल्यास तो हाकेच्या अंतरावर असतो, हेंही हिशेबांत धरावें. १८ टक्के जीएसटीसह पक्कें बिल घ्यावें, व त्यावर प्रत्येक भागाचा अनुक्रमांक लिहून घ्यावा. त्यावांचून हमीचा तंटा सुटत नाहीं. जुनें कार्ड घेणें झाल्यास तें निदान अर्धा तास जड खेळावर चालवून पाहिल्याशिवाय पैसे देऊं नयेत. विंडोज १० चा सर्वसाधारण आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजीं संपला आहे, व विंडोज ११ फार जुन्या प्रोसेसरांस स्वीकारीत नाहीं. जुनें यंत्र घेणाऱ्यानें हें ध्यानांत ठेवावें. चोरलेली प्रत बसविणें तर आमच्या विद्यार्थ्यांस शोभणारच नाहीं. पैसे नसतील तर लिनक्स विनामूल्य आहे. मात्र ‘व्हॅलोरंट’सारखे कांहीं खेळ त्यावर चालत नाहींत.

पालकांस एक सूचना. मुलानें अशी इच्छा बोलून दाखवितांच नकार किंवा होकार देऊं नये. त्यास प्रथम यादी करावयास सांगावें : प्रत्येक भागाचें नांव, किंमत, व तोच कां, याचें एका ओळींत उत्तर. तें उत्तर नीट न आल्यास तो भाग तूर्त घेऊं नये. खेळाच्या तासांचा करारही त्याच कागदाच्या खालीं लिहावा व दोघांनीं सह्या कराव्या. अशा रीतीनें जोडलेलें यंत्र बिघडलें, तरी घरांतच एक मुलगा किंवा मुलगी असे असेल, कीं जिला कोणता भाग काय करतो हें ठाऊक आहे, व जी सबंध यंत्र न बदलतां तेवढा एकच भाग बदलूं शकेल.