पहिलीतली चिनी, वसमतची पहिली

जानेवारीत वसमतमध्ये दोन गोष्टी हटकून दिसतात. पूर्णा कारखान्याच्या रस्त्याला उसाच्या ट्रॉल्या, आणि चौकाचौकात पुढच्या वर्षीच्या प्रवेशाचे फ्लेक्स: ‘नर्सरीपासून संपूर्ण इंग्रजी माध्यम’. त्याच दिवसांत अमेरिकेत स्थायिक झालेल्या एखाद्या भाच्याचा व्हिडिओ कॉल येतो आणि त्याची पहिलीतली मुलगी आजीला चिनीतून आकडे म्हणून दाखवते. अशी घरं आता हिंगोली-परभणीकडेही निघतात. कॉल संपला की ओट्यावर चर्चा रंगते: तिकडे सहा वर्षांची पोर चिनी शिकते, मग आपल्या पोराला इंग्रजीत घालायला काय जातंय?

घालायचं की नाही हा ज्याच्या त्याच्या घरचा प्रश्न. पण दाखला चुकीचा आहे. त्या मुलीची शाळा आणि फ्लेक्सवरची शाळा यांची रचनाच वेगळी असते.

अमेरिकेतल्या युटा राज्याने २००८ साली कायदा करून दोन भाषांतून शिकवणाऱ्या अशा दुभाषिक वर्गांना पैसा दिला. तेव्हाचे गव्हर्नर जॉन हंट्समन स्वतः मँडरिन, म्हणजे प्रमाण चिनी, बोलणारे. पुढे ते चीनमध्ये अमेरिकेचे राजदूत झाले. युटाच्या पद्धतीत पहिलीच्या मुलाचा दिवस मधोमध कापलेला असतो. खोल्या दोन, शिक्षक दोन. एका खोलीत सगळं इंग्रजीतून, दुसऱ्या खोलीत सगळं चिनीतून. चिनी खोलीतल्या बाई इंग्रजीचा एक शब्दही उच्चारत नाहीत. तिथे चिनी हा नुसता विषय नसतो, गणितासारखे विषयही चिनीतून होतात. शाळा सुरू झाल्यावर पहिले काही महिने मुलांनी इंग्रजीत उत्तर दिलं तरी चालतं. वर्षाच्या मध्यावर, म्हणजे ऐन हिवाळ्यात, ही सवलत संपते. मग पाणी प्यायला जायचं असलं तरी चिनीतून विचारायचं. शिकवणाऱ्यांच्या दृष्टीने पहिलीचं हे हिवाळी सत्र सगळ्यात अवघड, आणि सगळ्यात मजेचंही.

‘पहिलीपासून इंग्रजी आपल्याकडेही आहेच की’ असं यावर कुणी म्हणेल. आहेच. रामकृष्ण मोरे शिक्षणमंत्री असताना, २००० सालापासून, मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी आलं. पण ते तासिकेपुरतं. तासिकेची भाषा आणि दिवसभराची भाषा यांत फार फरक पडतो. २०२५च्या एप्रिलमध्ये पहिलीपासून हिंदीचा शासन निर्णय निघाला, वादळ उठलं, २९ जूनला तो मागे घेतला गेला आणि नरेंद्र जाधव यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. त्या गदारोळात एक बाजू ‘लहान मुलं कितीही भाषा शिकतात’ म्हणत होती, दुसरी ‘एवढ्या भाषांनी मुलं गोंधळतात’. दोन्ही वाक्यं अर्धीच. आठवड्याच्या चार-सहा तासिकांनी मूल गोंधळतही नाही आणि भाषा बोलायलाही लागत नाही.

युटाच्या रचनेच्या जवळ जाणारी आपल्याकडची गोष्ट सेमी-इंग्रजी आहे. गणित आणि विज्ञान इंग्रजीतून, बाकी मराठीतून. कागदावर हा दुभाषिक वर्गच. वर्गात मात्र पुष्कळदा पुस्तक इंग्रजी, फळ्यावरचे शब्द इंग्रजी आणि समजावणं मराठीत. मुलाला गणित कळतं ते मराठीमुळे, आणि इंग्रजी बोलायची वेळ येतच नाही. शिक्षकांना यात दोष देण्यात अर्थ नाही. दिवसभर सहज इंग्रजी बोलणारा प्राथमिक शिक्षक तालुक्याच्या गावी आणायचा कुठून, हा खरा प्रश्न आहे आणि फ्लेक्सवर त्याचं उत्तर नसतं.

गोंधळाची भीती जुनीच आहे. विसाव्या शतकाच्या पहिल्या काही दशकांत दोन भाषा बोलणारी मुलं मंद असतात, असं अभ्यासक बिनधास्त लिहीत. त्या अभ्यासांत गरीब स्थलांतरितांच्या मुलांची तुलना सुस्थित मुलांशी केलेली असे. १९६२ साली कॅनडात एलिझाबेथ पील आणि वॉलेस लॅम्बर्ट यांनी सारख्या परिस्थितीतली मुलं घेऊन पाहिलं, तर दुभाषिक मुलं कमी पडत नव्हती. पुष्कळ चाचण्यांत पुढेच होती. तीनच वर्षांनी, १९६५ला, माँट्रियलजवळच्या सेंट लॅम्बर्ट गावात इंग्रजी बोलणाऱ्या पालकांनी हट्ट धरून बालवर्गापासून फ्रेंचमधला वर्ग सुरू करायला लावला. ही मुलं सुरुवातीला इंग्रजी वाचनात मागे राहिली, हे लपवण्याचं कारण नाही. पण शाळेत इंग्रजी सुरू झाल्यावर वर्षभरात त्यांनी बरोबरी गाठली. अलीकडचा दाखला अमेरिकेतल्या पोर्टलंडचा. तिथे अशा वर्गांचे प्रवेश सोडतीने होतात, त्यामुळे तुलना चोख करता आली. २०१५ साली आलेल्या निष्कर्षांनुसार दुभाषिक वर्गातली मुलं इंग्रजी वाचनात पाचवीपर्यंत सुमारे सात महिने आणि आठवीपर्यंत नऊ महिने पुढे होती. या सगळ्या ठिकाणी एक गोष्ट समान होती: घरची भाषा शाळेतही होती, गावातही होती आणि तिला मान होता.

वसमतमध्ये हा मुद्दा पुस्तकी राहत नाही. तालुक्यातल्या एखाद्या तांड्यावरचं मूल घरी बंजाऱ्यांची गोरमाटी बोलतं आणि पहिलीत एकदम मराठीच्या वर्गात येऊन बसतं. त्याचा दिवस अर्धा कापलेला नसतो. गोरमाटी बोलणारे दुसरे शिक्षक शेजारच्या खोलीत नसतात. जूनमध्ये ते गप्प बसतं आणि कुणीतरी पटकन म्हणून जातं, ‘हे जरा मठ्ठच दिसतंय.’ ते मठ्ठ नसतं. नव्या भाषेत पडलेलं मूल काही आठवडे, कधी काही महिने नुसतं ऐकतं. युटाच्या चिनी खोलीतली गोरी मुलंही अशीच गप्प बसतात, पण त्यांच्याबद्दल तसं कुणी म्हणत नाही. त्यातून दिवाळीनंतर बरीच कुटुंबं ऊसतोडीला जातात. हंगामी वसतिगृहात जी मुलं राहतात त्यांचं सत्र टिकतं; जी आईबापांबरोबर जातात त्यांची दुसऱ्या सत्रातली मराठी फडावरच राहते. तिकडे हिवाळ्यात भाषा तोंडात बसायला लागते, इकडे नेमकी तेव्हाच सुटते.

गोंधळाचा मुद्दा या भागाच्या इतिहासावरही टिकत नाही. १७ सप्टेंबर १९४८पर्यंत वसमत निजामाच्या राज्यात होतं. कचेरीची भाषा उर्दू, वरच्या इयत्तांचं शिक्षणही उर्दूतून. १९१८ला निघालेल्या उस्मानिया विद्यापीठात तर उच्च शिक्षणही उर्दूतूनच. घरी मराठी, शाळेत उर्दू, बाजारात दोन्ही, असा हिशेब असलेल्या कित्येक पिढ्या मराठवाड्यात झाल्या. याच तालुक्यातल्या कुरुंद्याचं नाव आडनावात घेऊन फिरणारे समीक्षक नरहर कुरुंदकर १९३२ साली जन्मले आणि त्याच राज्यात लहानाचे मोठे झाले. त्यांच्या मराठीत गोंधळ शोधणाऱ्याला शुभेच्छा.

आता खुद्द चिनीकडे वळू. तिच्याबद्दल दोन टोकांचे समज आहेत. एक, ती इतकी अवघड की सहा वर्षांच्या मुलाला झेपणारच नाही. दुसरा, लहान मुलं काय, टीपकागद असतात, सहा महिन्यांत फडाफड बोलतील. अमेरिकेच्या परराष्ट्र खात्यात मोठ्या माणसांना मँडरिन शिकवायला सुमारे २,२०० तास लागतात, स्पॅनिशला त्याच्या तिसऱ्या हिश्श्याच्या आसपास. मुलांनाही यातून सूट मिळत नाही. पहिलीच्या शेवटी मूल सूचना समजतं, ओळखीची छोटी वाक्यं बोलतं, गाणी म्हणतं. व्हिडिओ कॉलवर आकडे ऐकून हरखणं ठीक, पण ती ‘चिनी बोलते’ असं गावभर सांगायला अजून अवकाश आहे.

लिपीबद्दलचा समज असा की प्रत्येक अक्षर म्हणजे एक चित्र आणि अशी हजारो चित्रं घोकायची. चित्रवजा अक्षरं थोडी. बहुतेक अक्षरांचा एक तुकडा अर्थाकडे बोट दाखवतो, दुसरा उच्चाराकडे. ‘आई’ या अर्थाचं ‘मा’ लिहिताना डावीकडे बाईची खूण आणि उजवीकडे घोडा येतो. आईचा घोड्याशी काही संबंध नाही. घोड्यालाही ‘मा’च म्हणतात, फक्त सूर वेगळा, म्हणून तो तुकडा उच्चार सांगायला बसवलाय. चीनमधल्या मुलांनी पहिली-दुसरी मिळून १,६०० अक्षरं ओळखावीत आणि ८०० लिहावीत, अशी तिथल्या अभ्यासक्रमाची अपेक्षा आहे. युटातली मुलं यातला छोटा भागच करतात.

उच्चारांत मात्र मराठी मूल गोऱ्या मुलापेक्षा पुढे असतं, आणि हे फारसं कुणी सांगत नाही. मँडरिनमध्ये प आणि फ, त आणि थ, क आणि ख हे भेद हवेच्या झोतावर चालतात. रोमन लिपीतल्या पिनयिनमध्ये ते ‘बी’ आणि ‘पी’, ‘डी’ आणि ‘टी’ असे लिहिले जातात, म्हणून इंग्रजी वाचणारा ‘बीजिंग’ म्हणतो. चिनी माणसाच्या तोंडून जे येतं ते देवनागरीत ‘पेइचिंग’च्या जवळ जातं. महाप्राण आणि अल्पप्राण आपल्या मुलांना शिकवावेच लागत नाहीत. चमच्यातला ‘च’ही मँडरिनमध्ये आहे. अडतं ते सुरांपाशी: चार सूर, शिवाय एक बिनसुरी उच्चार. तिथे मराठी मुलालाही कान नव्याने लावावा लागतो.

‘चिनीतून गणित म्हणजे गणिताचा बट्ट्याबोळ’ ही शंका आपल्याकडे तर यायलाच नको. चिनीत अकराला दहा-एक, बाराला दहा-दोन आणि एकविसाला दोन-दहा-एक म्हणतात. एकदा दहापर्यंत आलं की नव्व्याण्णवपर्यंत पाठ करायला काही उरत नाही. चिनी आणि अमेरिकन मुलं दहापर्यंत सारखीच मोजतात, फरक पडतो अकरापासून पुढे, हे अभ्यासांत दिसलं आहे. आपल्याकडे एकोणतीस आणि एकोणचाळीस यांत मुलं धडपडतात. बालभारतीने २०१९ला दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात ‘वीस एक, वीस दोन’ अशी वाचनाची रीत आणली तेव्हा विधानसभेपर्यंत ओरड झाली. गणिताच्या समितीच्या अध्यक्ष मंगला नारळीकर शांतपणे सांगत राहिल्या की जुने शब्द काढलेले नाहीत, मुलांना सोपं जावं म्हणून नवी वाट दिली आहे. ती वाट चिनी मुलं रोज चालतात. टिंगल करणाऱ्यांनी हे लक्षात घेतलं असतं तर बरं झालं असतं.

अमेरिकेतल्या मराठी घरात चिनी ही तिसरी भाषा ठरते. शाळेत इंग्रजी आणि चिनी, घरी मराठी. ओढाताण होते ती मराठीची, कारण शाळेच्या दोन्ही खोल्यांत ती नसते. म्हणून काही पालक आठवड्याच्या सुट्टीत बृहन्महाराष्ट्र मंडळाच्या मराठी शाळेची वाट धरतात.

वसमतमध्ये पहिलीला चिनी येण्याची चिन्हं नाहीत. नव्या शैक्षणिक धोरणाच्या २०१९च्या मसुद्यात परकीय भाषांच्या उदाहरणांत चिनी होती, २०२०च्या अंतिम धोरणातून ती गळाली. कोरियन, जपानी मात्र त्यात आहेत. पण ‘असल्या भाषा पुण्या-मुंबईच्या शाळांसाठी’ हा समज मराठवाड्यातच मोडला आहे. छत्रपती संभाजीनगरपासून (तेव्हाचं औरंगाबाद) २५ किलोमीटरवरच्या गाडीवाटच्या जिल्हा परिषद शाळेने २०१९ला चौथी ते आठवीच्या मुलांना विचारलं, कोणती परकीय भाषा शिकायची? यंत्रमानवांचं वेड असलेल्या पोरांनी जपानी निवडली आणि शहरातल्या एका जाणकाराने ती विनामोबदला शिकवली. पहिली कधीच मागे पडली होती, तरी ती मुलं जपानीत बोलू लागली. वयाचं म्हणाल, तर सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस १९३८ला चीनला पोचले तेव्हा अठ्ठावीसच्या घरात होते. चिनीचा गंध नव्हता. १९४१ला तिथल्या बेथून रुग्णालयाची सूत्रं हाती आली तोवर ते चिनी विद्यार्थ्यांना चिनीतूनच वैद्यक शिकवत होते.