पावसाळी किनाऱ्यावरील निवडुंगाची रोपवाटिका

निवडुंगास पाणी थोडे लागते, तेव्हा तो कोठेही वाढेल, असा समज सर्वत्र आढळतो. मालवण-वेंगुर्ल्याच्या किनाऱ्यावर या समजाचा उत्तरार्ध खरा ठरत नाही. सिंधुदुर्ग जिल्ह्यात वर्षाकाठी सरासरी ३,००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि त्यातील बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांतच कोसळतो. मे महिन्यात टवटवीत दिसणाऱ्या शंभर कुंड्यांपैकी गणेशचतुर्थीपर्यंत किती जगतात, यावरच या धंद्याचा नफातोटा अवलंबून आहे.

निवडुंग व इतर मांसल वनस्पती आपल्या खोडापानांत पाणी साठवितात. बहुतेकांची रंध्रे दिवसा मिटलेली राहून रात्री उघडतात, त्यामुळे बाष्पीभवन अत्यल्प होते. अशा झाडाच्या मुळांशी पाणी सतत साचले तर मातीतील हवा नाहीशी होते, मुळे गुदमरतात आणि बुरशीचा शिरकाव होतो. कूज खालून वर चढते. झाड वरून हिरवेच दिसते आणि एके दिवशी बोट लावताच कोलमडते. विक्रेत्याची फसगत होते ती येथेच; आणि असे झाड विकले गेले तर गिऱ्हाइकाचीही.

यास्तव पहिला प्रश्न जातींच्या निवडीचा आहे. सर्वच निवडुंग वाळवंटातील नव्हेत. घरोघरच्या अंगणात श्रावणाच्या सुमारास रात्री फुलणारे 'ब्रह्मकमळ' हा वस्तुतः निवडुंगच असून तो अमेरिकेतील उष्ण व दमट अरण्यांत झाडांच्या फांद्यांवर वाढतो. ड्रॅगन फ्रूटचा वेलही याच प्रकारचा. या दोहोंस दमट हवा मानवते. केवळ पाण्याचा निचरा चांगला हवा. नवशिक्याने आरंभ यांच्यापासून करावा. कोरफड, घायपात, पानफुटी व स्नेक प्लँट या काटक वनस्पती खाऱ्या वाऱ्यासही बऱ्यापैकी तोंड देतात. गोल, काटेरी मेक्सिकन निवडुंग, एचेव्हेरिया आणि अडेनियम यांना मात्र छपराशिवाय हात लावू नये.

छपराविषयी एक चूक वारंवार घडते. हिरवी जाळी ऊन अडविते, पाऊस अडवीत नाही. पावसाळ्यासाठी उतरते प्लॅस्टिकचे आच्छादन हवे. बाजू मोकळ्या ठेवाव्यात, फक्त नैर्ऋत्येकडून येणारी झड अडवावी. कोंदट हवेत कूज अधिकच फैलावते. आच्छादन झटपट उतरविता येईल असे बांधावे. २०२१ च्या मे महिन्यात तौक्ते चक्रीवादळाने या किनाऱ्यास दिलेला तडाखा अनेकांच्या स्मरणात असेल. थोड्याच कुंड्या असतील तर कौलारू घराची पडवी हेच उत्तम छप्पर होय. कुंड्या जमिनीवर न ठेवता चिऱ्यांवर फळ्या टाकून ठेवाव्यात.

कुंडीत दोन भाग जाड नदीची वाळू, एक भाग जांभ्याची किंवा विटेची बारीक खडी आणि एक भाग कुजलेले शेणखत किंवा पालापाचोळ्याचे खत घालावे. समुद्रकाठची वाळू फुकट मिळते, पण तिच्यातील मीठ मुळांस बाधते. काथ्याचा भुसा पाणी धरून ठेवतो, म्हणून त्याचा मोह टाळावा. मृगापूर्वी पाणी तोडत आणावे. भर पावसात छपराखालील वाळवंटी जातींस आठवडेच्या आठवडे पाणी दिले नाही तरी चालते. ऑक्टोबरच्या उन्हात मात्र कुंडी पूर्ण सुकताच भरपूर पाणी द्यावे.

फुटवे व छाट लावण्यास दिवाळीनंतरचा कोरडा काळ चांगला. छाट लगेच मातीत न रोवता जखम सुकेपर्यंत सावलीत ठेवावी. युफोर्बियाचा पांढरा चीक डोळ्यांत जाऊ देऊ नये. छाटांवर कापसासारखी कीड दिसल्यास ती कापडाने पुसून काढून झाड वेगळे ठेवावे. या किडीच्या कुळाचा इतिहास मौजेचा आहे. १७९५ मध्ये लाल रंग देणारी कोचिनील समजून भारतात एक भलतीच कीड आणली गेली. तिने चांगला रंग दिला नाही, परंतु फड्या निवडुंगाची एक जात फस्त केली. रानात जी कीड उपकारक ठरली, तिची भावंडे रोपवाटिकेत धन्यास बुडवितात.

विक्रीचे गणित हवामानाशीच जोडलेले आहे. गणपतीसाठी आलेले चाकरमानी परतताना रोपे मागतात. त्यांना ब्रह्मकमळ, कोरफड द्यावी, गोल निवडुंग देऊ नयेत. खरा हंगाम दिवाळीपासून मेपर्यंतचा. मालवण-तारकर्लीचे पर्यटक, न्याहारी-निवासाची घरे आणि आंगणेवाडीची जत्रा या काळात येतात. पर्यटकास हातात मावेल अशी लहान कुंडी हवी असते. मेअखेर किंमत उतरवून माल कमी करावा. छपराखाली मावेल तेवढाच साठा पावसाळ्यात ठेवावा. मेलेल्या झाडांचा खर्च उरलेल्या झाडांच्या किमतीत धरावा लागतो, हे पुष्कळजण विसरतात.

कातळसड्यांवरील खरपुडीसारख्या दुर्मिळ वनस्पती उपटून विकण्याचा मार्ग धरू नये. आपण वाढविलेलीच रोपे विकावीत. मुंबईस माल पाठवावयाचा असल्यास झाड कुंडीतून काढून मुळे झटकावीत, दोन-तीन दिवस सावलीत सुकवून कागदात गुंडाळावे. मातीचे ओझे वाचते व भाडेही. सोबत मराठीत एक चिठ्ठी ठेवावी: पोहोचल्यावर लगेच पाणी घालू नये, कोरड्या मिश्रणात लावून आठवड्याने घालावे.