‘ओ फॉर ऑक्टोपस’ : ज्याला आपण डोकं समजतो, ते त्याचं धड!

धाराशिव : जिल्ह्याला समुद्रकिनारा नाही. तरी इंग्रजी मुळाक्षरांच्या अनेक तक्त्यांवर इथल्या मुलांना ऑक्टोपस भेटतो. मोठं टकलं डोकं, त्यावर हसरा चेहरा आणि खाली आठ पाय. काढायला सोपा, पण खरा प्राणी याहून कितीतरी अजब आहे.

चित्रातलं ते ‘डोकं’ म्हणजे त्याचं धड. पोट, कल्ले आणि चक्क ३ हृदयं या पिशवीत असतात. डोळे आणि मेंदू पिशवी व बाहूंच्या मधोमध. म्हणजे बाहू थेट डोक्यालाच फुटलेले! म्हणूनच या गटाचं नाव शीर्षपाद. तोंड? ते चेहऱ्यावर नसतंच. बाहूंच्या मध्यभागी, खालच्या बाजूला पोपटासारखी चोच असते.

मग चित्र कसं काढायचं? आधी पिशवी, मग डोळे, त्यात आडवी बाहुली. आठही बाहू सारखे मात्र काढू नका. सामान्य ऑक्टोपसच्या सुमारे ५० कोटी चेतापेशींपैकी जवळपास दोन तृतीयांश बाहूंतच असतात. त्यामुळे एक बाहू दगड चाचपत असताना दुसरा खेकडा पकडू शकतो.

रंगाचं टेन्शन नाही. त्वचेतल्या रंगपेशींमुळे तो क्षणात रूप पालटतो. तपकिरी, लालसर, करडा, पांढरट, कोणताही खडू चालेल.