घरची घोडी, भाड्याची चेन : इंजिन पायावरून उचलताना



हंगामाच्या तोंडावर ऑइल इंजिन धूर ओकू लागले, की मेस्त्री येतो, कान लावून ऐकतो आणि म्हणतो, "रिंगा गेल्या. इंजिन तालुक्याला न्यावं लागेल." खरी अडचण इथून पुढे सुरू होते. चाकांसह सव्वातीनशे किलोचे हे धूड पायावरून काढायचे कसे? क्रेन शेतापर्यंत येत नाही आणि आली तरी तिचे भाडे परवडत नाही. मग आपण घरचीच काहीतरी युक्ती करतो. युक्ती करायला हरकत नाही, पण तिच्यामागचा हिशेब समजून घ्यावा. एवढ्यासाठीच हे पत्रक.

आधी माझी स्वतःची चूक सांगतो. मी नुकताच नोकरीला लागलो होतो. एका शेतकऱ्याच्या पंपघरात आम्ही दोन भिंतींवर बाभळीची जाड बल्ली आडवी टाकली, तिला एक कप्पी बांधली आणि दोराने इंजिन ओढायला सुरुवात केली. बल्ली चारशे किलो सहज पेलेल, असा अंदाज मीच दिला होता. सहा जणांनी दोर ओढला. इंजिन फूटभर उचलले गेले आणि बल्ली कडाडली. इंजिन तिरके होऊन पायावर आदळले. ते सरळ राहावे म्हणून घरचा तरुण मुलगा हाताने आधार देत होता, त्याची दोन बोटे गेली. त्या वर्षी त्यांच्या उसाला शेजाऱ्याने पाणी दिले म्हणून ऊस वाचला. बोटे काही परत आली नाहीत.

चूक कुठे झाली?

वरच्या एका कप्पीवरून दोर घेऊन माणसे खाली ओढतात, तेव्हा एका बाजूला इंजिनाचे ३२५ किलो लोंबतात आणि दुसऱ्या बाजूला तेवढ्याच जोराने माणसे ओढतात. म्हणजे बल्लीवर ३२५ नव्हे, तर ६५० किलो भार येतो. कप्पीच्या घर्षणामुळे तो आणखी वाढतो. एकच कप्पी वर बांधली, तर ओढण्याची दिशा बदलते, जोर काही वाचत नाही. मी वजन धरले आणि ओढ विसरलो.

चेनपुलीचे तसे नाही. काही गावांत तिला चेनकुप्पी म्हणतात. तिच्या आतले दाते जोर कित्येक पटीने वाढवतात, त्यामुळे एवढे इंजिन एकटा माणूस हाताच्या साखळीने सावकाश उचलतो. वरचा भार ३५० किलोच्या आतच राहतो. दुसरा फायदा असा, की साखळी हातातून सुटली तरी आतला ब्रेक ओझे धरून ठेवतो. दोर सुटला तर कोण धरणार? म्हणून पुली घरी जुळवत बसू नका. एक टनाची चांगली चेनपुली दिवसाच्या भाड्याने आणा. घरी करायची ती फक्त घोडी.

घोडी कशी करावी?

पंपघराच्या आढ्याला, पत्र्याच्या शेडच्या पाइपाला किंवा झाडाच्या फांदीला चेन लावू नये. आढे छपरासाठी असते, इंजिनासाठी नव्हे. फांदी आतून पोकळ आहे का, हे बाहेरून कळत नाही. शेवग्याची फांदी तर नुसती दिसायलाच जाड असते.

अडीच इंची, मध्यम जाडीचे, न गंजलेले तीन लोखंडी पाइप घ्या. प्रत्येकाची लांबी १० फूट असावी. वरच्या टोकाला एक इंची बोल्ट आरपार घालून तिन्ही पाइप एकत्र जोडा आणि त्या बोल्टला जाड शॅकल अडकवा. भोके पाडणे व टोके मजबूत करणे हे काम वेल्डिंगवाल्याकडूनच करून घ्यावे. भोक पाडलेला बांबू वापरू नये, तो भोकापासून उभा चिरतो.

उभे केल्यावर दोन पायांमध्ये सुमारे ७ फूट अंतर ठेवा. भार आला, की प्रत्येक पाय सुमारे ५० किलो जोराने बाहेर सरकू पाहतो. पाय जास्त फाकले, तर हा जोर आणखी वाढतो. म्हणून तिन्ही पाय खाली साखळीने एकमेकांना बांधावेत. गुळगुळीत कोब्यावर तर हे चुकवूच नये. जमीन भुसभुशीत असेल, तर प्रत्येक पायाखाली जाड फळी द्यावी. छप्पर आड येत असेल, तर दोन पत्रे काढा.

नवी घोडी आधी तपासून घ्या. सिमेंटच्या ५० किलोच्या आठ भरल्या पोत्यांचे ४०० किलो होतात. ती एका मजबूत लाकडी पाटावर रचून वीतभर उचला आणि दहा मिनिटे तशीच ठेवा. पाइप वाकला, बोल्ट झुकला किंवा पाय सरकला, तर ते पोत्यांवर कळलेले बरे!

उचलण्याचा क्रम

१. आदल्या दिवशी पायाच्या नटांवर डिझेल सोडून ठेवावे. डिझेल टाकी, सायलेन्सर व पट्टा काढून घ्यावा. इंजिनातले पाणी व तेल काढून टाकावे.

२. सगळे नट पूर्ण काढलेत ना, ते हात लावून मोजा. एखादा नट राहिला, तर चेनपुली इंजिनाला नव्हे, सगळ्या पायालाच ओढू लागते. मग भार किती चढला हे कळत नाही, आणि काहीतरी तुटते.

३. इंजिनाला उचलण्याची कडी असेल तर तिथेच धरा. नसेल, तर बैठकीच्या जाड भागाखालून एक टन क्षमता लिहिलेला पट्टा घाला. धारेवर पोत्याची घडी द्या. टाकीचा पत्रा, सायलेन्सर किंवा चाकाचा दांडा यांना बांधू नये. मोटेचा जुना नाडा कितीही जाड असला, तरी या कामाचा नाही. नायलॉनचा दोर ताणतो आणि तुटला की चाबकासारखा परत येतो.

४. पट्ट्याच्या दोन बाजू फार फाकू देऊ नका. त्यांच्यातला कोन १२० अंश झाला, तर प्रत्येक बाजूवर इंजिनाचे पूर्ण वजन येते. कोन ६० अंशांच्या आत ठेवावा.

५. आधी फक्त दोन बोटे उचला आणि थांबा. इंजिन एका अंगाला कलते का ते पाहा. कलले तर खाली ठेवा, पट्टा सरकवा, पुन्हा उचला. हाताने सरळ धरायला कोणी पुढे होऊ नये. दोन बाजूंना दोन लांब दोऱ्या बांधून लांबूनच आवरा.

६. बोल्टांची टोके सुटतील एवढेच उचला. लगेच खाली दोन जाड फळ्या सरकवा. सरकवताना हात इंजिनाखाली नेऊ नका, फळी लांबून काठीने ढकला. मग इंजिन फळ्यांवर टेकवा. घोडीचे काम इथे संपले.

७. लोंबते इंजिन घेऊन घोडी सरकवू नये. ती सरळ खालचा भार पेलते, आडवा धक्का लागला की उलटते. फळ्यांखाली पाइपचे गोल तुकडे टाकून इंजिन घरंगळत न्या. मागून एकाने दोराने आवरावे, दुसऱ्याने हातात दगड तयार ठेवावा.

८. ट्रॉलीत चढवायला पुन्हा उचलण्याची गरज नाही. बांधाच्या खालच्या अंगाला ट्रॉली उलटी लावा. फाळका काढला, की ट्रॉलीचा तळ बांधाच्या बरोबरीला येतो आणि इंजिन सरळ आत जाते. ट्रॉलीच्या चाकांना आधी दगड लावा. आत गेल्यावर इंजिन चारी बाजूंनी आवळून बांधा.

एक गोष्ट ध्यानात ठेवा. ही घोडी विहिरीच्या काठावर उभी करू नका. काठ ढासळला, तर घोडी, इंजिन आणि माणसे एकदमच जातील. विहिरीतल्या कामाला यारीवाल्यालाच बोलवावे.

काम चालू असताना हुकूम एकाच माणसाचा चालावा. पोरेबाळे लांब ठेवा. पायात बूट असू द्या. अंधार पडत आला, तर इंजिन फळ्यांवर टेकवून घरी जा, ते रात्रीतून कुठे पळत नाही.

ही घोडी एकट्याने करण्यापेक्षा वस्तीवरच्या चार-पाच घरांनी मिळून करावी. खर्च वाटला जाईल, आणि उचलताना जाणती चार माणसेही जवळ असतील. उरलेला खर्च एका दिवसाच्या चेनपुलीचा. त्या दिवशी आम्ही तेवढाच वाचवला होता.