ताट, करगोटा आणि शतपावली

ज्वारीचे दिवस पुन्हा आले, असे हल्ली म्हटले जाते. संयुक्त राष्ट्रांनी २०२३ हे भरडधान्यांचे वर्ष म्हणून जाहीर केले आणि तेव्हापासून शहरांतल्या दुकानांत ज्वारीचे शेव, बिस्किटे, लाह्या असे काय काय दिसू लागले. आपल्या धाराशिव जिल्ह्यातल्या माणसाला याचे थोडे हसू येते. मालदांडीची भाकरी इथे कुणी तब्येतीसाठी खाल्ली नाही, पोटासाठी खाल्ली. त्यातूनच ‘आमचे खाणे मुळातच सकस’ अशी एक समजूत आपल्याकडे घट्ट बसली आहे. ती अर्धीच खरी आहे.

आधी ज्वारीचाच हिशेब पाहू. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०१७ मध्ये भारतीय अन्नपदार्थांतील घटकांचे तक्ते प्रसिद्ध केले. त्यांनुसार १०० ग्रॅम ज्वारीत तंतुमय भाग सुमारे १० ग्रॅम, कोंड्यासकट दळलेल्या गव्हाच्या पिठात सुमारे ११ ग्रॅम आणि पांढऱ्या तांदळात जेमतेम ३ ग्रॅम असतो. प्रथिनेही ज्वारीत आणि गव्हात जवळपास सारखीच. म्हणजे तांदळापेक्षा ज्वारी निश्चित सरस आहे, पण घरी दळून आणलेल्या गव्हापुढे तिने फार तोरा मिरवावा असे काही नाही.

मग जुन्या जेवणातला गुण कशाचा होता? माझ्या मते तो भाकरीच्या घडणीचा आणि तिच्या शेजाऱ्यांचा होता. ज्वारीच्या पिठाला गव्हासारखा चिवटपणा नसतो. ते गरम पाण्यात मळून हाताने थापावे लागते आणि भाजताना तेलाचा थेंबही लागत नाही. पोळीला घडीत तेल, वरून तेल. पुरीचे तर विचारूच नका. शिवाय जाड भाकरी चावायला वेळ लागतो, त्यामुळे दीड-दोन भाकरीत माणूस हात आवरतो. तिच्या शेजारी काय असायचे? तांदुळजा, चाकवत, पाथरी, घोळ, आंबाडी, करडईचा कोवळा पाला यांतले काहीतरी, मोडाची मटकी किंवा तुरीचे पातळ वरण, कांदा, आणि दुभते असेल तर ताक. पालेभाजीत मूठभर डाळ घालायची रीत तर आजही आहे.

हे ताट नेहमी भरलेले असे, असे मात्र कुणी समजू नये. १९७२ च्या दुष्काळात याच भागातल्या लोकांनी परदेशातून आलेल्या लाल मिलो ज्वारीवर दिवस काढले. जुने ते सगळे सोने म्हणणाऱ्यांनी त्या भाकरीची चव घरातल्या म्हाताऱ्यांना एकदा विचारावी.

नंतर ताट बदलले, आणि त्याला कारणेही सबळ होती. खरिपात सोयाबीनने रान व्यापले. रब्बी ज्वारी उपटायला, कापायला माणसे मिळेनात. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याने गहू दोन आणि तांदूळ तीन रुपये किलोने मिळू लागला आणि जानेवारी २०२३ पासून तो मोफत झाला. या धान्याला नावे ठेवायची माझी हिंमत नाही, अनेक घरांची चूल त्यावर पेटते. पण स्वस्त गहू-तांदूळ ताटात वाढला, त्याच्यासोबत तेल वाढले, चहासोबत खारी-टोस्ट आले, आणि पाला व कडधान्य मागे सरकले. घट झाली ती या शेजाऱ्यांत.

याच काळात शरीराची एक गोष्ट आपल्या ध्यानात आली नाही. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी पुण्याजवळच्या सहा खेड्यांतल्या गरोदर बायकांचा आणि त्यांच्या बाळांचा १९९३ पासून अभ्यास केला. आपली बाळे इंग्लंडमधल्या बाळांपेक्षा वजनाने बरीच हलकी भरली, पण त्यांच्या अंगावरची चरबी त्या मानाने कमी नव्हती. कमी होते ते स्नायू. २००४ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात याज्ञिकांनी स्वतःचे आणि त्यांचे इंग्रज सहकारी जॉन युडकिन यांचे छायाचित्र शेजारी-शेजारी छापले. उंचीच्या मानाने दोघांचे वजन अगदी सारखे, निर्देशांक २२.३. पण युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के होती आणि याज्ञिकांच्या शरीरात २१.२ टक्के.

‘मी तर काडीपैलवान, मला कसली शुगर?’ असे म्हणणारा माणूस प्रत्येक गावच्या पारावर भेटतो. त्याने हे आकडे दोनदा वाचावेत. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या देशव्यापी पाहणीचे निष्कर्ष २०२३ मध्ये आले. त्यांनुसार देशातल्या ११.४ टक्के प्रौढांना मधुमेह आहे आणि आणखी १५.३ टक्के त्याच्या उंबरठ्यावर आहेत. वजनकाटा यातल्या अनेकांना सावध करत नाही. त्याहून खरे बोलतो तो कमरेचा करगोटा. तो दरवर्षी सैल करावा लागत असेल तर समजावे. ज्यांच्याकडे करगोटा नाही त्यांनी आपल्या उंचीएवढी सुतळी घ्यावी, तिची मधोमध घडी घालावी आणि बेंबीच्या पातळीवर पोटाभोवती गुंडाळावी. टोकाला टोक भिडत नसेल तर कंबर उंचीच्या निम्म्याहून जास्त आहे. अशा माणसाने आरोग्य केंद्रात जाऊन रक्तातली साखर आणि रक्तदाब तपासून घ्यावा.

आता तेलाकडे येऊ. उमरगा-लोहारा भागात फिरताना मी घरोघरी एकच प्रश्न विचारतो : तेलाचा डबा किती दिवस पुरतो? पुरुषांना सहसा सांगता येत नाही. बाईला दिवसासकट पाठ असते. पोषण संस्थेच्या २०२४ च्या मार्गदर्शिकेत बेताचे काम करणाऱ्या माणसाच्या २००० कॅलरींच्या आहारात तेल-तूप मिळून दिवसाला २७ ग्रॅम धरले आहे. चौघांच्या घराला महिन्याला हे सव्वातीन किलो होते. म्हणजे १५ किलोचा डबा साडेचार महिने पुरायला हवा. मिठाची मर्यादा माणशी ५ ग्रॅम, म्हणजे चौघांना एक किलोची पुडी पन्नास दिवस. त्यात लोणचे, पापड, फरसाण यांतले मीठ धरलेलेच नाही. साखरेचा हिशेब चहाच्या कपात होतो. पाच ग्रॅमचे दोन चमचे आणि दिवसाचे पाच कप, की पन्नास ग्रॅम झाली, मर्यादेच्या दुप्पट. यासाठी डाएटचा तक्ता भिंतीला लावायची गरज नाही. डबा उघडला त्या दिवशी त्यावर खडूने तारीख लिहावी, एवढे पुरे. चार महिन्यांत त्या तारखाच बोलू लागतात.

भाजीचा प्रश्न अवघड आहे, कारण तो पाण्याचा प्रश्न आहे. मार्गदर्शिका दिवसाला ४०० ग्रॅम भाजी सांगते, आणि मे महिन्यात भूम-परंड्याच्या बाजारात भाव विचारून माणूस परततो. म्हणून बांधावरचा शेवगा मला फार मोलाचा वाटतो. तो थोड्या पाण्यावर तग धरतो आणि त्याच्या पाल्याचीही भाजी होते. मटकीला मोड आणायला तर वाटीभर पाणी लागते.

चालण्याबद्दल बोलताना मात्र आधी कुणाशी बोलतो आहोत हे ठरवावे. दिवसभर खुरपणी करून, घागर वाहून आलेल्या बाईला ‘रोज अर्धा तास चाला’ म्हणणे ही थट्टा आहे. महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या ५४ टक्के बायकांच्या रक्तात हिमोग्लोबिन कमी आहे, असे राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत दिसले. तिला व्यायाम नको, ताटात डाळ-पाला हवा आणि सगळ्यांच्या शेवटी उरलेले खाण्याची रीत मोडायला हवी.

चालायचे आहे ते दुकानदाराने, शिक्षकाने, कारकुनाने, आणि शेतावर दुचाकीने जाऊन बांधावरून मजुरांकडे पाहणाऱ्या आमच्यासारख्यांनी. कोजागरीला सोलापूरहून तुळजापूरला पंचेचाळीस किलोमीटर चालत जाणारे हजारो पाय आपण नुकतेच पाहिले. त्या पायांत बळ नाही असे कोण म्हणेल? पण वर्षातून एकदा पंचेचाळीस किलोमीटर आणि उरलेले दिवस गल्लीच्या टोकापर्यंतही गाडी, असा हिशेब शरीर मानत नाही. जागतिक आरोग्य संघटना आठवड्याला किमान दीडशे मिनिटे जरा जलद चालायला सांगते.

आपल्याकडे यासाठी शब्दही आहे, शतपावली. मात्र शंभर पावले मिनिटभरात संपतात. जेवल्यावर चढणारी साखर पायांच्या स्नायूंनी वापरायची तर दहा-पंधरा मिनिटे, म्हणजे हजारभर पावले हवीत. अमेरिकेत २०१३ मध्ये साठीच्या पुढच्या दहा माणसांवर झालेल्या एका प्रयोगात तिन्ही जेवणांनंतर पंधरा-पंधरा मिनिटे चालण्याने दिवसभराची साखर आटोक्यात राहिली. सलग पाऊण तास चालण्याइतकाच त्याचा उपयोग झाला. माणसे दहाच होती, तेव्हा यावर फार मोठे इमले बांधू नयेत. पण पंधरा मिनिटे कुणालाही काढता येतात, आणि रात्रीचे जेवण दहाऐवजी आठला झाले तर चालायला गल्लीही जागी असते.

बदल होऊ शकतो याचा दाखला जिल्ह्यातच आहे. १९९३ च्या भूकंपानंतर या भागात बायकांचे गट उभे राहिले. प्रेमा गोपालन यांच्या ‘स्वयम् शिक्षण प्रयोग’ संस्थेसोबत त्यांतल्या अनेकींनी पुढे घरच्या रानातला एकेक एकर स्वतःच्या निर्णयाने करायला घेतला. नगदी पिकाच्या जागी त्यात ज्वारी, डाळी, भाजीपाला असे खाण्याचे पीक घेतले. रानात काय पेरायचे हे स्वयंपाक करणारी बाई ठरवू लागली की ताट बदलते.

दिवाळीनंतर दीड-दोन महिन्यांत येळवस येईल. त्या दिवशी आपण कडधान्ये, ओले दाणे आणि पाला एकत्र शिजवलेली भज्जी खातो, आंबील पितो, आणि तेही शेतात जाऊन. आहारतज्ज्ञाला दाखवले तर तो त्यात फारसे काही बदलणार नाही. ती भज्जी वर्षातून एकदाच का करायची, हे मला कुणी अजून पटवून दिलेले नाही. यंदा ज्यांनी ज्वारीत करडईचे पाटे पेरले आहेत, त्यांच्याकडे ऐन दिवाळीत विरळणी निघेल. तो कोवळा पाला जनावरांपुढे टाकण्याआधी दोन जुड्या घरी आणाव्यात.